चेहऱ्याचा स्कार्फ
चेहऱ्याचा स्कार्फ म्हणजे ऊन व धूळ यांपासून बचावासाठी डोळे वगळता डोके, चेहरा आणि मान झाकली जाईल अशा रीतीने गुंडाळलेले कापड होय. पुण्यासारख्या शहरांत दुचाकी चालवणाऱ्या स्त्रियांमध्ये तो विशेष रूढ आहे. विदर्भात, जेथे उन्हाळ्यात पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसला पोहोचतो, पुरुषही डोक्याला व कानांना दुपट्टा बांधतात.

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण मुख्यतः त्वचा भाजतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे किरण अधिक खोलवर जातात. सुरकुत्या व काळवंडणे यांत त्यांचा मोठा वाटा असतो. हे किरण अडवण्याची कापडाची क्षमता प्रामुख्याने विणीवर अवलंबून असते. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड अधिक संरक्षण देते. पातळ, पांढरे सुती कापड घामाने भिजल्यास त्यातून अधिक किरण पार होतात. त्यामुळे हलकी ओढणी वाटते तितकी उपयोगी नसते.

प्रदूषणाबाबत गैरसमज अधिक आहे. स्कार्फमुळे जाड धूळ अडते. मात्र धुरातील वायू आणि २.५ मायक्रोमीटरहून लहान कण कापडातून व त्याच्या कडांमधून आत शिरतात. सूक्ष्म कणांसाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट आवश्यक ठरतो. न धुतलेल्या स्कार्फवरील धूळ व घाम दिवसभर त्वचेला घासत राहतात, हेही सहसा लक्षात घेतले जात नाही. डोळ्यांभोवतीचा भाग व हात उघडेच राहत असल्याने तेथे सनस्क्रीन लावावे लागते.

स्कार्फ हा हेल्मेटला पर्याय नाही. जाड घड्यांवर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून तो सपाट बांधणे इष्ट.