सावलीच्या पट्ट्यात धाराशिव

दूरच्या ग्रहगोलांविषयी नवे काही शोधायचे तर प्रचंड दुर्बीण हवी आणि तिच्यामागे कोट्यवधींचा निधी हवा, हा समज आपल्याकडे पक्का आहे. बऱ्याच बाबतींत तो खराही आहे. पिधानाच्या निरीक्षणात मात्र तो टिकत नाही. एखादा ग्रह किंवा लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकतो, म्हणजेच पिधान होते, तेव्हा ताऱ्याच्या प्रकाशात पडलेली त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. त्या पट्ट्यात तारा क्षणभर विझतो. पट्ट्याबाहेरच्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीलाही तो विझलेला दिसत नाही. सावलीचा वेग सेकंदाला 20 किलोमीटर असेल आणि तारा दीड सेकंद विझला, तर त्या ठिकाणाहून वस्तूचा 30 किलोमीटर लांबीचा एक छेद मोजला जातो. असे चार-पाच समांतर छेद मिळाले की आकार उभा राहतो. म्हणजे निरीक्षक कुठे आणि किती विखुरलेले आहेत, याला आरशाच्या व्यासाइतकीच किंमत आहे. आणि म्हणूनच धाराशिवसारखा जिल्हा या शास्त्रात खरी भर घालू शकतो.

एकाच जागेची नोंद किती अपुरी पडते, हे 10 मार्च 1977 च्या युरेनसच्या पिधानाने दाखवून दिले. तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी 1 मीटरच्या दुर्बिणीने ताऱ्याचा प्रकाश नोंदवत होते. ग्रह जवळ येण्याआधीच तारा काही सेकंद मंदावला. हा युरेनसचा नवा उपग्रह असावा, असे त्यांनी सुचवले; हाती एवढीच नोंद असताना तो निष्कर्ष रास्तच होता. त्याच वेळी हिंदी महासागरावर उडणाऱ्या विमानातल्या दुर्बिणीतून जेम्स एलियट आणि सहकाऱ्यांना ग्रहाच्या दोन्ही बाजूंना असे खळगे आढळले, आणि तेही जोडीजोडीने, जवळपास सारख्याच अंतरावर. उपग्रह असे सममित नसतात. ती कडी होती. कवलूरच्या नोंदीचा अर्थ दुसऱ्या जागेची नोंद शेजारी ठेवल्यावरच उलगडला.

पण ही सारी मोठ्या वेधशाळांची कामे नव्हेत का, असा आक्षेप येईल. 6 जून 2020 रोजी नैनितालजवळच्या देवस्थळ इथून प्लूटोचे पिधान टिपले गेले ते 3.6 आणि 1.3 मीटरच्या दुर्बिणींनी, हे खरे. पृथ्वीवरच्या दाबाच्या जेमतेम लक्षांशाइतके विरळ असलेले प्लूटोचे वातावरण 2015 पासून फारसे बदललेले नाही, हे त्यातून कळले. मात्र 17 जुलै 2017 रोजी अर्जेंटिनात ॲरोकॉथ या सुमारे 36 किलोमीटर लांबीच्या, साडेसहाशे कोटी किलोमीटरवरच्या वस्तूचे पिधान पकडले ते रांगेने मांडलेल्या सोळा इंची फिरत्या दुर्बिणींनी. बहुतेकींना काही दिसले नाही, पाचांना दिसले, आणि तेवढ्यावरून ती दोन गोळ्यांची असावी हा अंदाज तिच्याकडे निघालेले यान पोहोचण्याआधीच बांधता आला. ज्यांना काही दिसले नाही त्यांची नोंदही वाया गेली नाही, कारण वस्तू कुठे संपते हे तीच सांगते. शिवाय सगळे तारे मोठी दुर्बीण लागेल इतके मंद नसतात. मुख्य पट्ट्यातले लघुग्रह अधूनमधून तेजस्वी ताऱ्यांनाही झाकतात. तिथे आठ इंची दुर्बीण पुरते.

दुसरा आक्षेप भाकितांचा. सावली नेमकी कुठून जाणार हे कळायला ताऱ्याचे स्थान अचूक हवे. हे काम जुन्या हैदराबाद संस्थानात झालेले आहे, आणि धाराशिव तेव्हा त्याच संस्थानात होते. 1901 मध्ये स्थापन झालेल्या निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय तारानकाशाचा आपल्या वाट्याचा पट्टा फोटोंवरून मोजला. आता गाया उपग्रहाने ती अचूकता कैक पटींनी वाढवली आहे. ढगांचे म्हणाल तर पावसाळ्यात निरीक्षण नाहीच. पण बालाघाटच्या या पर्जन्यछायेच्या पठारावर हिवाळा-उन्हाळ्यातल्या बऱ्याच रात्री निरभ्र असतात. ज्या कोरडेपणाने शेतकरी पिचतो त्याचे कौतुक मी करत नाही, पण आकाश मोकळे असते हेही खरे.

कळंब ते उमरगा उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे. 30 किलोमीटर रुंदीची सावली जिल्ह्यावरून पूर्व-पश्चिम गेली, तर कळंब, धाराशिव, तुळजापूर आणि उमरगा मिळून तिला गाठण्याची चांगली शक्यता आहे. मधल्या गावांत आणखी दोन-तीन दुर्बिणी उभ्या राहिल्या तर एकाहून अधिक छेद मिळतील. त्यासाठी आठ इंची दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि प्रत्येक चित्रावर जीपीएसची वेळ उमटवणारे यंत्र हवे. वरच्या उदाहरणातल्या वेगाला वेळ दशांश सेकंदाने चुकली तर मोजमाप दोन किलोमीटरने चुकते, म्हणून या यंत्रात काटकसर नको. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हा खर्च वाटून घ्यावा आणि यंदाच्या हिवाळ्यातच पहिल्या पिधानासाठी आपापल्या गच्चीवर दुर्बिणी लावाव्यात.