हातभट्टीवरचा छापा

‘हातभट्टीवर छापा, इतके लिटर रसायन नष्ट’ ही बातमी आम्हा नाशिक रोडकरांच्या चांगलीच परिचयाची. पण रसायन म्हणजे दारू नव्हे. गूळ, नवसागर आणि पाणी ड्रममध्ये काही दिवस आंबवतात, ते रसायन. ते उकळून वाफ थंड केली की मग धार पडते. पोलीस ड्रम ओततात, भट्टी फोडतात. भट्टीमागे पैसा लावणारा मात्र पंचनाम्यात क्वचितच सापडतो.

आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे आदिवासींच्या घरी मोहाची दारू देवालाही वाहतात. ती घरी गाळणं गुन्हा ठरवलं १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं. सरकारला हवा होता महसूल, म्हणून दारू गाळायची ती ठरावीक कारखान्यांतच. पुढं १९४९चा दारूबंदी कायदा आला. हेतू बदलला, छापे राहिले.

दारूची वकिली मी करणार नाही. तिनं मोडलेले संसार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलनं. गुळाच्या रसायनात ते नगण्यच; ते येतं कारखान्यांच्या वाटेनं. त्या वाटेवरच्या छाप्याची बातमी मी पेपरात शोधत असतो.