सायकल अस्सल की नुसती रंगवलेली?
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला एका सायकलची साक्ष काढावी लागली. माझ्या मित्राचे वडील बोटीवर नोकरीला होते. १९८४ साली त्यांनी लिव्हरपूलहून एक जुनी शर्यतीची सायकल आणली. लाल, काळा, पिवळा असा झकपक रंग, आडव्या दांडीवर ‘टी. आय. रॅले’, सीटखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ची चिठ्ठी. विकणाऱ्या गोऱ्याने त्यांना सांगितले होते, ही १९८० सालच्या ‘तूर द फ्रान्स’मधली, योप झूटेमेल्क ज्या संघातून जिंकला त्या संघाची. चाळीस वर्षे ही कथा त्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकासारखी जपलेली.

आता मित्राच्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न आला. पुण्याचे एक संग्राहक गृहस्थ साठ हजार द्यायला तयार झाले. मात्र सायकल खरोखर संघाची असेल तर. मी सायकलवेडा आणि त्यातून इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून तपासणी माझ्या गळ्यात पडली.

आमचे सर सांगतात की कागदावरचा मजकूर वाचण्याआधी कागद, शाई, वळण पाहावे. सायकलीचेही तसेच आहे. रंग आणि चिठ्ठ्या हा मजकूर झाला, तो कोणीही लिहू शकतो. अशा चिठ्ठ्या हुबेहूब छापून मिळतात. म्हणून रंगाकडे काणाडोळा करून आधी पोलादाकडे जावे लागते.

पहिली गोष्ट क्रमांकाची. रॅलेच्या संघाच्या सायकली मोठ्या कारखान्यात होत नसत. डर्बीशरमधल्या इल्कस्टन गावी जेराल्ड ओ’डोनोव्हन यांच्या देखरेखीखाली एक लहानसे खास खाते होते, तिथे त्या हाताने बनत. त्या सांगाड्यांवर ‘एस. बी.’ ही अक्षरे आणि पुढे आकडे ठोकलेले असतात. वर्क्सॉपच्या कारखान्यातला सांगाडा ‘डब्ल्यू’ने सुरू होतो, नॉटिंगहॅमचा ‘एन’ने. शिवाय संघाच्याच रंगात सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठीही सायकली निघत, त्यामुळे रंग मुळातला असला तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

आमच्या सायकलीचा क्रमांक रंगाच्या थराखाली बुजला होता. असा क्रमांक कानशीने घासून काढायचा मोह होतो. तो आवरावा, कारण अक्षरेच जातात. मी रंग मऊ करणारे द्रावण लावून लाकडी काडीने रंग काढला आणि शिलालेखाचा घेतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. पहिले अक्षर आले ‘एन’.

मित्राचा चेहरा उतरला. पण एका पुराव्यावर निकाल देऊ नये. दुसरा पुरावा सीटच्या दांडीचा. व्हर्नियर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता. हे गणित सोपे आहे आणि मला फार आवडते. इंग्लिश सांगाड्याची सीटखालची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असते. ५३१ची हलकी नळी टोकांना जाड-पातळ ओढलेली असते, सीटकडच्या तोंडाशी तिची भिंत जेमतेम ०.६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की २७.४ उरतात, दांडी सरकायला थोडी फट हवी, म्हणून २७.२ ची दांडी बसते. आमची दांडी भरली २५.४, म्हणजे बरोबर एक इंच. याचा अर्थ नळीची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास, साध्या पोलादाची. (कोणी चुकीची बारीक दांडी कोंबलेली असू शकते, म्हणून नळीचे तोंडही मोजावे. मी मोजले. दांडी बरोबरच होती.) ५३१ची चिठ्ठी तिथेच खोटी ठरली.

तिसरा पुरावा पायडलांच्या आसाचा. नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी बी. बी. खोलून दिली. उजवीकडचा कप उलट आट्यांचा निघाला. हे इंग्लिश पद्धतीचे लक्षण. इटालियन किंवा फ्रेंच सांगाड्यात दोन्हीकडे सुलट आटे असतात. म्हणजे सायकल इटालियन किंवा फ्रेंच नव्हे, एवढे नक्की झाले. मग आटे मोजले. हलक्या, उंची सांगाड्यांना इंचाला २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या साध्या सायकलींना रॅलेने आपले खास २६ आटे ठेवले होते. आमचे भरले २६.

मागचे चाक ज्या खाचेत बसते ती पट्टीही पाहिली. उंची सांगाड्यावर ती घडीव, जाड आणि बहुधा कांपान्योलोचे नाव कोरलेली असते. आमची पत्र्यातून कापलेली होती, वर मडगार्डसाठी भोके. शर्यतीच्या संघाला मडगार्ड कशाला? गिअर बदलणाऱ्या यंत्रावर शिमानोची दोन अक्षरे होती, ‘एच सी’. शिमानोच्या खुणेत पहिले अक्षर वर्ष, दुसरे महिना. १९७६ म्हणजे ‘ए’. त्या हिशेबाने मार्च १९८३. अर्थात सुटे भाग कधीही बदलतात, त्यांच्यावर सांगाड्याचे वय ठरवू नये.

रंगाचे तेवढे शेवटी पाहिले. चिमट्याच्या माथ्याच्या आतल्या बाजूला, जिथे रंगाऱ्याची फवारणी पोचत नाही, तिथे जुना निळा रंग जसाच्या तसा होता.

निकाल असा, की सायकल अस्सल रॅले, नॉटिंगहॅमची, संघाची नव्हे. खोटी सायकल नव्हती, खोटी होती तिची वंशावळ.

आता अवघड भाग. मित्र म्हणाला, “एस. बी. असा पंच कुठल्याही वर्कशॉपात मिळतो. ते गृहस्थ फक्त क्रमांकाचा फोटो मागतायत.” मी लगेच नाही म्हणालो असे लिहिले तर ते खरे होणार नाही. बहीण शेजारच्या खोलीत होती. मी आधी त्याला तांत्रिक कारणे दिली. जुना क्रमांक घासला की तिथली गोलाई सपाट होते. नव्या ठोक्याच्या कडा धारदार दिसतात, जुन्या कडा गंजाने आणि रंगाने बोथट झालेल्या असतात. आणि आटे तर कोणालाच बदलता येत नाहीत. मग म्हणालो, “आणि पकडले गेलो नाही तरी मला ते जमणार नाही.” तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुण्याला मी सगळी मापे लिहून पाठवली. त्यांचे उत्तर सभ्य होते, की सायकल नऊ हजारांना घेऊ. फीचे पुढे हप्ते करून मिळाले.

राहिले काका. त्यांना सांगायचे कसे, या विचाराने मी ओटीवर बराच वेळ घुटमळत बसलो. शेवटी सगळे सांगितले. त्यांनी ठशाचा कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“वीस पौंडांत संघाची सायकल कोण देतो रे?” ते म्हणाले. “मी ती गोदीपासून खोलीवर यायला घेतली. ती गोष्ट पोरांना आवडायची, म्हणून सांगत राहिलो.”

नऊ हजारांना द्यायची का, असे मी विचारले.

“नको. बी. बी. खोललीच आहेस तर नीट ग्रीस भर. चाळीस वर्षांत कोणी भरलेले नाही.”

मी डबा आणायला चाचांकडे गेलो.