बिल, द गॅलॅक्टिक हीरो
बिल, द गॅलॅक्टिक हीरो ही अमेरिकन लेखक हॅरी हॅरिसन (१९२५–२०१२) यांची उपहासात्मक, युद्धविरोधी विज्ञानकादंबरी आहे. ती १९६५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी डिसेंबर १९६४ मध्ये 'गॅलॅक्सी' या मासिकात तिचे संक्षिप्त रूप 'द स्टारस्लॉगर्स' या नावाने आले होते.

पार्श्वभूमी
दुसऱ्या महायुद्धात हॅरिसन यांनी अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात सेवा केली. त्या अनुभवातून लष्करी नोकरशाहीविषयी त्यांच्या मनात तीव्र नावड निर्माण झाली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) या कादंबरीत सैनिकी शिस्त व त्याग यांचा गौरव केलेला आहे. हॅरिसन यांच्या कादंबरीत त्याच मांडणीचे विडंबन आढळते. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेतील सर्वत्र इमारतींनी व्यापलेल्या राजधानी-ग्रहाचीही येथे थट्टा केली आहे.

कथानक
बिल हा एका मागासलेल्या ग्रहावरील शेतकरी तरुण असून, तो टपालाद्वारे खतासंबंधीचा तांत्रिक अभ्यासक्रम शिकत असतो. वाजतगाजत आलेला भरती-सार्जंट त्याला गुंगीचे औषध देऊन सैन्यात दाखल करून घेतो. प्रशिक्षणानंतर बिलला युद्धयानावर जळालेले फ्यूज बदलण्याचे काम मिळते. लढाईत तो डावा हात गमावतो. त्याच अवस्थेत, काय घडते आहे हे न समजता तो एक कळ दाबतो. शत्रूचे यान नष्ट होते आणि तो वीर ठरतो. शस्त्रक्रियेत त्याला मृत सहकाऱ्याचा उजवा हात जोडला जातो. पुढे राजधानीत त्याचा नकाशा हरवतो, त्यामुळे तो वेळेवर परतू शकत नाही आणि पळपुटा ठरतो.

आशय
सरकारी प्रचारात 'चिंगर' हे शत्रू सात फूट उंचीचे क्रूर सरडे म्हणून दाखवले जातात; प्रत्यक्षात ते सात इंचांचे व शांतताप्रिय असतात. शत्रूचे भय टिकले तरच युद्ध चालू राहते, हे या तपशिलातून सूचित होते. त्याहून कठोर टीका शेवटी येते. स्वतःच्या सेवेचा कालावधी एका महिन्याने कमी व्हावा म्हणून बिल आपल्याच धाकट्या भावाला भरती करतो. ज्या यंत्रणेने त्याला फसवले, तिचाच तो एक भाग बनतो. त्यामुळे विनोदी प्रसंगांनी भरलेल्या या कादंबरीचा शेवट मात्र विषण्ण आहे.

प्रभाव
विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांनी ही आजवरची सर्वांत विनोदी विज्ञानकादंबरी असल्याचे मत व्यक्त केले होते. १९८९ पासून तिचे पुढील भाग प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बहुतेक अन्य लेखकांच्या सहकार्याने लिहिलेले आहेत. दिग्दर्शक ॲलेक्स कॉक्स यांनी कोलोरॅडो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तिच्यावर चित्रपट तयार केला (२०१४). युद्धविरोधी विज्ञानसाहित्याच्या अभ्यासात ती जो हाल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर' (१९७४) या गंभीर कादंबरीसोबत वाचणे उपयुक्त ठरते.