वैमानिकाचे पंचांग

बीदरच्या आकाशाखाली मुलांना शिकविणे ही शिक्षकाची परीक्षाच असते. फळ्यावर समासाचा विग्रह चालू असावा, आणि हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकाचे विमान शाळेवरून गर्जत जावे, की सगळा वर्ग खिडकीकडे वळतो. आम्हीही वळतो, त्यामुळे मुलांना रागावण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला आहे. हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ पथक १९९६ साली जन्मले तेही येथेच. पुढे २२ नोव्हेंबर २०१९ रोजी कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीदरहून प्रवासी विमान उडाले. विमाने अशी अंगवळणी पडली; परंतु उड्डाणापूर्वी वैमानिक काय वाचतो, हे मात्र आम्हांस गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हते.

आमचा एक जुना विद्यार्थी हवामान खात्यात, एका विमानतळावर नोकरीस आहे. भालकी तालुक्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा. दिवाळीत त्याच्या घरी फराळास गेलो. खळ्यावर कापलेल्या सोयाबीनची गंजी रचलेली होती आणि मळणीयंत्राची वाट पाहणे चालू होते. चिवड्याची बशी बाजूला सारून आम्ही विचारले, “अरे, तू नेमके काय लिहितोस?” त्याने आमच्या दैनंदिनीत अक्षरे आणि अंक यांची एक ओळ लिहिली. ती पाहून आम्हांस वाटले, एम.ए. मराठीचा येथे काही उपयोग नाही.

परंतु तो समजावू लागला तसतशी ती ओळ उलगडत गेली. प्रारंभी विमानतळाची चार अक्षरे असतात. बीदरचे नाव ‘व्ही-ओ-बी-आर’, कलबुर्गीचे ‘व्ही-ओ-जी-बी’. नांदेड, लातूर, सोलापूर यांची नावे मात्र ‘व्ही-ए’ने सुरू होतात. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले, उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले, आणि आमच्यापैकी पुष्कळांची आजोळे परराज्यात पडली. ती सीमा आकाशाच्या बाराखडीतही आहे तर! ढग तेवढे ती मानत नाहीत.

नंतर वेळ. ती ग्रीनिचच्या घड्याळाची. आपण तीत साडेपाच तास मिळवावयाचे. तेथे १० असेल तर आपल्याकडे दुपारचे साडेतीन.

यापुढे पाच अंगे येतात. पहिले वाऱ्याचे. ‘०९००८’ म्हणजे ९० अंशांकडून, अर्थात पूर्वेकडून, ८ नॉट वेगाने येणारा वारा. ताशी सुमारे १५ किलोमीटर. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते, म्हणून वाऱ्याचा मान पहिला. दुसरे अंग दृश्यतेचे, मीटरमध्ये. ‘९९९९’ असेल तर दहा किलोमीटर अथवा त्याहून दूरचे दिसते. तिसरे पाऊस, धुके, गडगडाट यांचे. दृश्यता हजार मीटरांच्या खाली गेली तरच त्यास धुके म्हणावयाचे. चौथे ढगांचे. आकाशाचे आठ भाग कल्पून किती भाग झाकले आहेत ते सांगतात, आणि ढगाच्या तळाची उंची शेकडा फुटांत देतात. गडगडाटी मेघ असेल तर ‘सी-बी’ ही दोन अक्षरे जोडतात; ती दिसली की वैमानिक सावध होतो. पाचवे अंग बदलाचे. येथे ‘टेम्पो’ असा शब्द येतो. आमच्या रस्त्यांवर धावतो तो टेम्पो नव्हे. एका वेळी तासाभराहून कमी टिकणारा, तात्पुरता बदल.

“अरे, पाच अंगे! हे तर पंचांगच झाले,” आम्ही म्हणालो.

“होय सर, पण एक फरक आहे,” तो म्हणाला. “आमच्या पंचांगात ‘नक्की ठाऊक नाही’ हेसुद्धा आकड्यात लिहावे लागते.”

त्यासाठी ‘प्रॉब ३०’ आणि ‘प्रॉब ४०’ एवढ्या दोनच खुणा आहेत. शक्यता तीस टक्क्यांहून कमी वाटली तर तिचा उल्लेख करीत नाहीत. पन्नास किंवा अधिक वाटली तर ‘प्रॉब’ न लावता तो बदल सरळ अंदाजातच घालतात. शंका लपवावयाची नाही आणि वाढवावयाचीही नाही. नक्षत्राचे वाहन बेडूक की हत्ती हे पाहून पेरणीचा विचार करणाऱ्या आणि वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवा अशी थट्टा करणाऱ्या आम्हां लोकांस ही शिस्त नवी होती. ती थट्टा आम्ही वर्गातही अनेकदा केली आहे.

इतका वेळ त्याचे वडील मुकाट्याने ऐकत होते. ते म्हणाले, “ते समदं ऱ्हाऊ दे. आज दुपारून पाऊस येतंय का न्हाई, तेवढं सांग की.”

मुलाने मोबाइलवर अंदाज पाहिला. “तीस टक्के, अप्पा.”

“तीस म्हंजे येतंय का न्हाई? गुरुजी, ह्याला तुम्ही शिकवलं का हो?”

मुलगा हसला नाही. गंजीत वर्षाची कमाई होती, हे तो जाणत होता. “अप्पा, विमानात असंच असतं. उतरायच्या ठिकाणी हवा बिघडली तर दुसऱ्या विमानतळावर जाता यावं, एवढं इंधन जास्तीचं घेतात. दहांतल्या सात वेळा ते लागणार नाही. पण उरलेल्या तीन वेळा ते नसलं तर? ताडपत्री काढून ठेवा.”

आम्हांस ७ ऑगस्ट २०२० ची रात्र आठवली. दुबईहून आलेले विमान कोझिकोडच्या पठारावरील धावपट्टीवरून घसरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ माणसे गेली. कप्तान दीपक साठे हवाई दलातून आलेले, अनुभवी मराठी वैमानिक होते. पाऊस होता, वारा पाठीकडून होता. चौकशी अहवालानुसार धावपट्टीचा जवळजवळ अर्धा भाग मागे पडल्यावर चाके टेकली. उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने दिली होती. घरी बसून दोष देणे सोपे आहे. तो आम्ही देत नाही. अशा जाणत्या माणसावरही ही वेळ येते, यातच समजावयाचे ते आम्ही समजलो. अंदाज कितीही प्रामाणिक असला, तरी माघार घेण्याची वाट माणसाला स्वतःच मोकळी ठेवावी लागते.

वडिलांनी कुरकुरत ताडपत्री काढली, गंजीवर पसरली, कडांवर दगड ठेवले. दुपार गेली, संध्याकाळ झाली. पाऊस आला नाही. आता मुलाची फजिती होणार असे आम्हांस वाटले. परंतु वडिलांनी आकाशाकडे एकवार पाहिले आणि ताडपत्री तशीच राहू दिली.

“उद्याचं काय म्हणतंय रे तुझं पंचांग?” त्यांनी विचारले.