विरोध, भाषा व कला यांतील

विरोध : दोन घटक निकट आल्याने त्यांच्यातील भेद ठळकपणे प्रतीत होणे, म्हणजे विरोध. त्यासाठी घटकांना काही समान भूमी असावी लागते. काळा व पांढरा हे दोन्ही रंग असल्यामुळेच त्यांच्यात विरोध संभवतो. रंग व वजन यांत केवळ भिन्नता असते.

भाषेतील विरोध : स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) याच्या मते भाषिक चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदावर अवलंबून असते. प्रमाण मराठीत ‘मण’ व ‘मन’, ‘माळ’ व ‘माल’ या जोड्यांत एकाच ध्वनीने अर्थ पालटतो. म्हणून ण–न व ळ–ल हे अर्थभेदक विरोध होत. तथापि सर्व बोलींत ते सारखे नसतात. भंडारा जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ (पाणी–पानी) व ‘ळ’च्या जागी ‘र’ (डोळा–डोरा) येतो. साहजिकच ‘मण’ व ‘मन’ यांचा उच्चार एकच होतो. परंतु ‘दोन मन धान’ म्हणताच संदर्भाने अर्थ निश्चित होतो. असा उच्चार अशुद्ध मानणे शास्त्रीय दृष्ट्या अयोग्य आहे; तेथील विरोधांची व्यवस्थाच निराळी आहे. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाच्या लेखनात न–णचा घोटाळा होतो, तो बुद्धिमांद्यामुळे नव्हे, तर या दोन व्यवस्थांतील अंतरामुळे, हे शिक्षकाने ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

साहित्य व कला यांतील विरोध : विरोधाभास अलंकारात वरवर दिसणारा विरोध विचारांती मावळतो आणि आशय अधिक उठावदार होतो. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी कलाकृतीच्या संघटनेत संवाद व समतोल यांच्या जोडीने विरोध हेही लयतत्त्व मानले. रेम्ब्रँटच्या (१६०६–६९) चित्रांत गडद छायेमुळेच मुखावरील प्रकाश जाणवतो. पूर्व विदर्भातील खडी गंमत या लोकनाट्यप्रकारात पुरुष स्त्रीभूमिका करतो. तर शाहिरी परंपरेतील कलगी–तुऱ्याच्या सवाल–जबाबांत शक्तीचा कैवारी कलगीपक्ष व शिवाचा कैवारी तुरापक्ष एकमेकांस आव्हान देतात. प्रतिपक्षाच्या सवालावाचून जबाबाला रंग चढत नाही.

विरोध एकसंध रचनेत सामावला, तर अर्थ वा सौंदर्य सिद्ध होते. न सामावल्यास केवळ विसंगती उरते.