मंदी, मामा आणि एक किलोबाइट

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालं. कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात बोटं मोजते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा लक्षात ठेवा. कारण मुद्दा सगळ्यांच्याच कामाचा आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी, नाहीतर मामा-काकांकडे, एखादं वर्कशॉप, दुकान, दवाखाना असतोच. आणि "इंजिनियरिंगला आहेस ना, मग आमचा कॉम्प्युटर जरा बघ की!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं.

माझ्या मामाचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी मशीन, एक जुना लेथ, नऊ माणसं. पंपांचे सुटे भाग बनवतात. ज्या कंपनीचं काम तो करतो तिचा माल अमेरिकेला जातो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि दिवाळीच्या तोंडावर मामाच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. नेमकं त्याच वेळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला. मामाच्या कॉम्प्युटरवाल्याने लगेच कोटेशन पाठवलं : चार नवीन कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, बसवणूक, सगळं मिळून २ लाख ३८ हजार.

"आगं, एवढ्यात सेकंडहँड मशीनचा ॲडव्हान्स जातोय!" मामा म्हणाला. "काही करू नको, चालतंय तंवर चालू दे."

दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले ते या वाक्याशी भांडायला. कारण 'चालतंय तोवर चालू दे' याची किंमत मामाने एकदा मोजली होती.

२०१९ ची गोष्ट

तेव्हा मी नववीत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून जास्त घसरली होती. मामा त्या वेळी गाड्यांचे पार्ट करायचा. आणि त्याच महिन्यात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता कित्येक दिवस बंद होता. वर्कशॉपमध्ये गुडघाभर पाणी. मशीन वाचल्या, पण ऑफिसमधला कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर होता. तो गेला. कागदी चलनांचा लगदा झाला.

तरी मामा निर्धास्त होता, कारण हिशेबाच्या ताई दर शनिवारी न चुकता पेन ड्राईव्हवर बॅकअप घ्यायच्या. ड्रॉवरमधला पेन ड्राईव्ह काढला, दोन दिवस वाळवला, लावला... आणि चालला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत बघितलं तर एकच फाईल, आकार एक किलोबाइट. ताई दर शनिवारी डेस्कटॉपवरचा 'शॉर्टकट' कॉपी करत होत्या! शॉर्टकट म्हणजे फक्त पत्ता. घर वाहून गेलं आणि आमच्या हातात पत्त्याची चिठ्ठी राहिली.

जूनपर्यंतची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर होती, कारण रिटर्न भरलेलं होतं. जुलैचं भरायचं राहिलं होतं. बुडालेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून द्यायला एक जण तीस हजार मागत होता. मामा म्हणाला, मंदीत एवढे पैसे कुठले? मग एका गिऱ्हाइकाने विचारलं, जुलैचं चलन दाखवा. चलन नव्हतं. २ लाख १० हजारांच्या येण्यावर १ लाख २० हजारांत तडजोड झाली. म्हणजे तीस हजार वाचवले आणि नव्वद हजार घालवले!

मंदीत कॉम्प्युटरवर कमी खर्च करायला काहीच हरकत नाही. पण कॉम्प्युटर वेगळा आणि त्यातली माहिती वेगळी. काटकसर डब्यावर करायची, आतल्या माहितीवर नाही.

पायरी पहिली : यादी

मी पहिल्या दिवशी काहीच विकत घेतलं नाही. एका वहीत चार रकाने आखले : कोणता कॉम्प्युटर, त्यावर कोणतं काम चालतं, तो आज बंद पडला तर किती दिवस निभेल, आणि त्यातली माहिती गेली तर काय होईल. यादीतून मजाच कळली. हिशेब आणि बँकेचं काम सगळ्यात जुन्या विंडोज १० च्या कॉम्प्युटरवर चालत होतं, आणि २०२१ चा चांगला लॅपटॉप मामा क्रिकेटच्या मॅच बघायला वापरत होता! हायलाइट्ससाठी एवढा प्रोसेसर लागत नाही.

पायरी दुसरी : बॅकअप

बॅकअपचा एक सोपा नियम आहे, ३-२-१. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. शिरोलीत 'दुसरी जागा' म्हणजे काय हे पुराने शिकवलेलंच आहे. म्हणून आम्ही दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. एक वर्कशॉपमध्ये, एक मामाच्या घरी राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर. दर शनिवारी अदलाबदल. शिवाय हिशेबाची फाईल पासवर्ड लावून गूगल ड्राईव्हवर, तिथे १५ जीबीपर्यंत जागा फुकट आहे.

दोन गोष्टी मात्र पाळायच्या. बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवायची. कारण फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. आणि दुसरं, घेतलेला बॅकअप परत उघडून बघायचा. आता शनिवारी मामा कुठल्याही एका बिलाचा नंबर सांगतो आणि ताई ते डिस्कवरच्या प्रतीतून वेगळ्या फोल्डरमध्ये आणून दाखवतात. पाच मिनिटांचं काम. २०१९ मध्ये ही पाच मिनिटं कुणी दिली असती तर नव्वद हजार वाचले असते.

पायरी तिसरी : मशीनच्या पोटातली माहिती

हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं, ऑपरेटर काकांनी शिकवलं. सीएनसी मशीनसुद्धा एक कॉम्प्युटरच. बऱ्याच जुन्या कंट्रोलमध्ये प्रोग्रॅम आणि पॅरामीटर अशा मेमरीत असतात की जिला वीज सतत लागते. मशीन बंद असताना ती वीज एक छोटी लिथियम बॅटरी पुरवते. रोज मशीन चालतं तेव्हा बॅटरीवर ताण नसतो. पण मंदीत मशीन महिनोन्महिने बंद ठेवलं की सगळा भार तिच्यावर. बॅटरी संपली की मशीनची स्मृती गेली!

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मामाच्या एका मशीनचं हेच झालं. दीड महिन्याने चालू केलं तर स्क्रीनवर नुसते अलार्म. सर्व्हिस इंजिनियर येऊ शकत नव्हता. नशिबाने मशीनच्या पॅनेलमध्ये कंपनीचा छापील पॅरामीटरचा कागद होता. ऑपरेटर काकांनी दोन दिवस बसून एक एक आकडा टाईप केला. कागद हाही बॅकअपच असतो, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हा मशीन बंद ठेवायच्या असतील तर आधी पॅरामीटर आणि प्रोग्रॅम बाहेर काढून ठेवा, बॅटरीवर बदलल्याची तारीख लिहा. आणि बॅटरी बदलताना कंट्रोल चालू हवा, नाहीतर बदलताबदलताच मेमरी जायची. पॅनेलमध्ये जोरदार व्होल्टेज असतं, म्हणून हे काम जाणकारानेच करायचं. आपण उगाच हुशारी करायची नाही.

पायरी चौथी : जुन्यालाच पळवा

"कॉम्प्युटर लई स्लो झालाय" याचा अर्थ बहुतेक वेळा हार्ड डिस्क स्लो आहे. थोडं गणित करू. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धा फेरा, साधारण ४ मिलिसेकंद, आणि डोकं सरकायला आणखी ९. एकूण १३. म्हणजे विखुरलेल्या फाईली शोधताना सेकंदाला जेमतेम ७५ वेळा वाचन. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, तिथे हा आकडा हजारोंत जातो. म्हणून दोन हजारांची एसएसडी आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरला नवं करते. प्रोसेसर तोच, मालकाचा मूड वेगळा!

बाकीचं काम ब्लोअरचं. वर्कशॉपमध्ये कूलंटची वाफ आणि लोखंडाची बारीक धूळ मिळून पंख्यावर काळा थर बसतो. हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. शिवाय लोखंडाची धूळ वीजवाहक, बोर्डवर बसली तर शॉर्ट. आम्ही तिन्ही कॅबिनेट साफ केली आणि जमिनीवरून उचलून भिंतीवरच्या फळीवर ठेवली. यूपीएस पूर्ण बदलायची गरज नव्हती. आतली १२ व्होल्टची बॅटरी बदलली, काम झालं.

आणि रात्री बंद करायची सवय! तीन कॉम्प्युटर ६० वॉटने १४ तास चालू राहिले तर रात्रीला अडीच युनिट. युनिट १० रुपये धरा, महिन्याला साडेसातशे रुपये नुसते हवेत.

पायरी पाचवी : सॉफ्टवेअर

विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉप त्यात बसला, अपग्रेड फुकट झालं. म्हणून हिशेब आणि बँक लॅपटॉपवर हलवलं. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे एक विंडोज लागतंच. ऑफिसमधले दोन जुने कॉम्प्युटर मात्र लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिसवर गेले. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. पत्रं, कोटेशन, पीडीएफ ड्रॉईंग, ईमेल याला ते पुरे. ताईंना पहिले चार दिवस त्रास झाला, मराठी टायपिंग बसवून दिल्यावर त्या खूश.

ज्यांना विंडोज १० सोडताच येत नाही अशा धंद्यांना जादा सुरक्षा-दुरुस्त्या विकत मिळतात, पहिल्या वर्षाला प्रत्येक कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. दुरुस्त्या इतक्या महत्त्वाच्या का? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलंसुद्धा अडकली. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले.

सीएनसीला सीरियल केबलने जोडलेला कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर आहे, ज्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. त्याला हात लावला नाही. फक्त इंटरनेटची वायर काढून टाकली, त्याच्यासाठी एकच पेन ड्राईव्ह ठरवला, आणि तोही आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तपासूनच लावायचा.

'क्रॅक' सॉफ्टवेअरचा सल्लाही कुणीतरी दिलाच. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅकबरोबर व्हायरस फुकट. ही काटकसर नाही, हा जुगार आहे.

हिशेब

दोन एसएसडी ४,२००. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क ९,६००. यूपीएसच्या तीन बॅटऱ्या २,८५०. सीएनसीच्या बॅटऱ्या ३,०००. ब्लोअर, केबल, किरकोळ ८५०. एकूण २०,५००. बघा, निम्म्याच्या आसपास पैसे नुसत्या बॅकअपला गेले, आणि ते तसंच हवं.

प्रामाणिकपणे सांगते, हा कायमचा उपाय नाही. एक्सपीवाला कॉम्प्युटर कधीतरी जाणारच, लिनक्सवाले दोन्ही आणखी तीन-चार वर्षं. म्हणून मामाला सांगितलंय, महिन्याला दोन हजार वेगळे टाक, दिवस बरे आले की एकेक बदलू. मंदीत खरेदी पुढे ढकलता येते, माहितीची काळजी पुढे ढकलता येत नाही.

निघायच्या दिवशी मामाने स्वतः डिस्क लावली, बिल नंबर सांगितला, बिल उघडलं. मग हळूच फाईलचा आकार बघितला आणि म्हणाला, "एक किलोबाइट न्हाई ना? मग बरं हाय."

तुमच्या घरचा बॅकअप किती किलोबाइटचा आहे? आज घरी फोन करून विचारा तरी!